सात वर्षांत एकदाही न बदललेले ब्रेक ऑइल: गाडी कमी चालत असेल तरी बदलावे का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. तिला पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. शहरातल्या रोजच्या कामांना दुचाकी पुरते, त्यामुळे गाडीचे अंतर अजून एकतीस हजार किलोमीटरच्या आसपासच आहे. मात्र अधूनमधून कुंभार्ली घाटाने कराडला आणि कधी पोलादपूरमार्गे आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणे होते, आणि त्या वेळी गाडीत घरची सगळी माणसे व सामान असते.

यंदाच्या सर्व्हिसिंगच्या वेळी सल्लागाराने जॉबकार्डवर ‘ब्रेक फ्लुइड बदलणे’ असे लिहिले. कारण विचारल्यावर ‘मुदत उलटून गेली आहे’ एवढेच उत्तर मिळाले. आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांचे मत याच्या अगदी उलट आहे. जोपर्यंत गळती नाही आणि पॅडल घट्ट आहे, तोपर्यंत त्या भागाला हात लावू नये, पातळी उतरली तर वरून थोडे टाकावे, उगाच खोलले तर आत हवा शिरते आणि नसती कटकट मागे लागते, असे ते सांगतात. गाडीच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी बदलण्याची सूचना आहे, परंतु ती आजवर कोणी पाळलेली नाही. डब्यातले ऑइल आता गडद चहासारखे दिसते. पॅडल मात्र पहिल्यासारखेच लागते आणि गाडी व्यवस्थित थांबते.

इंजिन ऑइल किलोमीटरनुसार खराब होते हे समजते. पण ब्रेकचे ऑइल बंद नळ्यांत असते, ते जळत नाही आणि खर्चही होत नाही. मग गाडी इतकी कमी चालली असताना ते बदलण्यामागे खरे तांत्रिक कारण आहे, की ही केवळ बिल वाढवण्याची एक ओळ आहे? जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

चाकोरी (पुणे)

वाहनांच्या ब्रेकचे सुटे भाग तयार करणाऱ्या उद्योगात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या सल्लागाराने कारण नीट सांगितले नाही, परंतु त्याची सूचना योग्य आहे. गाडी कमी चालते ही बाब इथे सवलत मिळवून देत नाही, कारण हे द्रव अंतराने म्हातारे होत नाही, काळाने होते.

आपल्या गाडीत असते ते द्रव खनिज तेल नसून ग्लायकॉल ईथर या वर्गातील रसायनांचे मिश्रण असते आणि हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. आपण ज्यांना बंद नळ्या म्हणता, त्या तेवढ्या बंद नसतात. डब्याच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट ठेवलेली असते, कारण पॅड झिजतात तशी डब्यातली पातळी उतरते आणि तिची जागा हवेला घ्यावी लागते. चाकाजवळच्या रबरी होज पाइपमधूनही पाण्याची वाफ अतिशय संथपणे आत झिरपत राहते. गाडी धावत असो वा दाराशी उभी असो, ही क्रिया चालूच असते, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात तिला खाद्य भरपूर मिळते.

यात गंमत अशी की ओलावा शोषण्याचा हा गुण पूर्णपणे वाईटही नाही. पाणी द्रवात विरघळले नसते, तर त्याचे थेंब एखाद्या जागी, समजा कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात), साचले असते आणि तिथे शंभर अंशांना उकळले असते. विरघळल्यामुळे ते सगळीकडे पसरते आणि धोका पातळ होतो, मात्र त्याची किंमत म्हणून संपूर्ण द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येतो. अमेरिकेच्या ज्या मानकावरून ‘डॉट’ ही वर्गवारी जगभर रूढ झाली, त्यानुसार डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ अंश असे आहेत. ही घसरण सरळ रेषेत होत नाही. पहिल्या एक-दोन टक्के पाण्यातच निम्म्याहून अधिक उतार होऊन जातो.

आता आंबेनळी घाटाचा विचार करू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणाच्या तळाशी. माणसे आणि सामान धरून १२०० किलोची गाडी १३०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे दीड कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी सोडून द्यावी लागते. एवढ्या उष्णतेत जवळपास पन्नास लिटर साधे पाणी उकळीला येईल. चालक खालच्या गिअरमध्ये उतरला तर यातला मोठा वाटा इंजिन आणि हवेचा विरोध उचलतात. तो चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर बहुतेक सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. डिस्क तापते, पॅड तापतात, पॅडच्या पत्र्यातून पिस्टन तापतो आणि पिस्टनच्या मागे ते द्रव असते.

द्रव उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल जमिनीपर्यंत जाते आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक निकामी झाला तरी दुसरा उरतो, हे गळतीच्या बाबतीत खरे आहे. उकळण्याच्या बाबतीत तो आधार फारसा कामाचा नाही, कारण दोन्ही मार्गांतले द्रव एकाच वयाचे असते आणि दोन्ही पुढची चाके सारखीच तापलेली असतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. हा प्रसंग पुष्कळदा गाडी चालत असताना न येता थोडा वेळ थांबून पुन्हा निघाल्यावर येतो. उतरताना डिस्कवर वारा लागत असतो. प्रतापगडाच्या फाट्यावर चहाला थांबलो की वारा बंद होतो, डिस्कमधली उष्णता पॅड आणि पिस्टनमधून सावकाश मागे सरकते आणि गाडी उभी असतानाच कॅलिपरमधले द्रव सर्वाधिक तापते. दहा-पंधरा मिनिटांनी पुढचा उतार सुरू केला आणि पहिल्याच वळणावर पॅडल पोकळ लागले, असे अनुभव लोक सांगतात ते यामुळेच. आपले पॅडल रोज घट्ट लागते, यावरून म्हणूनच काही सिद्ध होत नाही. चिपळूणच्या रस्त्यांवर ते शेवटपर्यंत घट्टच लागेल.

मोजून_मापून (नाशिक)

वरील प्रतिसादातील भौतिकशास्त्र बिनचूक आहे, तरीही मला एक वेगळा सूर लावावासा वाटतो. दोन वर्षांची मुदत ही सर्व हवामानांना आणि सर्व चालकांना एकाच मापाने धरून ठरवलेली, सावध बाजूला झुकणारी मुदत आहे. काही उत्पादक तीन वर्षेही सांगतात. नाशिक-धुळे पट्ट्यातल्या कोरड्या हवेत सपाट महामार्गावर चालणारी गाडी आणि चिपळूणमधली घाट उतरणारी गाडी यांना एकच नियम लावणे मला शास्त्रीय वाटत नाही. मोजता येणारी गोष्ट मोजावी आणि मग निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे.

मात्र मोजमाप कशाने करायचे, हे पाहून घ्यावे. गॅरेजमध्ये दिवे लागणारे पेनासारखे जे स्वस्त यंत्र असते, ते द्रवाची विद्युतवाहकता मोजून त्यावरून पाण्याचा अंदाज करते. निरनिराळ्या कंपन्यांच्या द्रवांत मिसळलेली रसायने वेगवेगळी असल्यामुळे पाणी तेवढेच असूनही वाहकता वेगळी भरू शकते, त्यामुळे हिरवा दिवा लागला म्हणून निर्धास्त होऊ नये आणि लाल लागला म्हणून घाबरूही नये. द्रवाचा छोटा नमुना प्रत्यक्ष तापवून त्याचा उत्कलनबिंदू दाखवणारे यंत्र मिळते, ते भरवशाचे असते, पण महाग असल्याने थोड्याच ठिकाणी दिसते.

रंगावरून तर काहीच ठरवू नये. रबर, धातूचे कण आणि उष्णता यांमुळे द्रव काळपट होते. पाण्यामुळे त्याचा रंग बदलत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या द्रवात भरपूर पाणी असू शकते आणि गडद द्रव कोरडेही असू शकते. सात वर्षे हा काळ मात्र माझ्याही हिशेबात बसत नाही. तिथे मोजण्याचीही गरज नाही, सरळ बदलून टाकावे.

चाकोरी (पुणे)

मोजून_मापून यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. त्यांच्या यंत्राच्या मुद्द्यात एवढीच भर घालतो की नमुना कुठून घेतला यालाही महत्त्व आहे. ब्रेकचे द्रव इंजिन ऑइलप्रमाणे फिरत नाही. पॅडल दाबल्यावर ते नळीत अगदी थोडे पुढे सरकते आणि सोडल्यावर तेवढेच मागे येते. त्यामुळे डब्यातले द्रव आणि कॅलिपरमधले द्रव वर्षानुवर्षे आपापल्या जागी राहतात. कोणी वरून नवे टाकले असेल, तर डब्यातला नमुना उत्तम निघेल आणि जिथे उष्णता पोचते त्या टोकाला मात्र सात वर्षांपूर्वीचेच द्रव असेल.

‘वरून टाकावे’ हा सल्ला मला याच कारणासाठी पटत नाही. शिवाय पातळी उतरणे ही एक खूण आहे. ती हळूहळू उतरली तर पॅड झिजत आहेत आणि अचानक उतरली तर कुठेतरी गळती आहे. दोन्ही बाबतींत वरून भरून टाकणे म्हणजे खूण पुसून टाकणे होय. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात, तेव्हा ते जास्तीचे द्रव डब्यातून बाहेर उसळते आणि गाडीच्या रंगावर पडते. हे द्रव रंग खाते, हे सांगायला नकोच.

उकळण्याचा प्रसंग अनेकांच्या आयुष्यात कधीच येणार नाही, हे मान्य. माझ्या मते मुदत पाळण्याचे रोजच्या व्यवहारातले मोठे कारण गंज हे आहे. द्रवात गंजरोधक रसायने घातलेली असतात आणि ती काळानुसार संपत जातात. त्यानंतर पाणी आपले काम सुरू करते. कॅलिपरचा पिस्टन अडकतो, मागच्या व्हील सिलिंडरच्या (ड्रममधल्या, ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) रबरी सीलखाली गंजाचे खड्डे पडतात आणि तिथून गळती सुरू होते, मास्टर सिलिंडरच्या (पॅडलच्या जोराने द्रवावर दाब देणाऱ्या भागाच्या) आतल्या पृष्ठभागाला थर धरतो. यातले बहुतेक भाग निदान सहज मिळतात आणि परवडतात. एबीएसच्या ठोकळ्यात अतिशय बारीक छिद्रे आणि झडपा असतात, तो एकदा बिघडला की बहुधा संपूर्णच बदलावा लागतो आणि त्याचे बिल जुन्या छोट्या गाडीच्या मालकाला जड जाते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले, त्यामुळे हा प्रश्न आता फक्त महागड्या गाड्यांचा राहिलेला नाही. उभ्या राहणाऱ्या गाडीत पिस्टन हलत नाहीत, म्हणून गंजाच्या दृष्टीने तिची अवस्था रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा वाईट असू शकते.

बारा_तेराचा_पाना (कराड)

माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि पावसाळ्यानंतर कोकणातून घाट चढून येणाऱ्या गाड्या नेहमी पाहतो. आपल्या काकांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. ब्रेकचे काम घाईने केले, तर न केलेले बरे. म्हणून काम कसे व्हावे ते लिहितो. ते आपण समोर उभे राहून पाहू शकता.

पहिली गोष्ट म्हणजे डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी त्याच्या भोवतालची धूळ पुसली पाहिजे. डब्यातले जुने द्रव पिचकारीने ओढून काढावे आणि नवे भरावे, म्हणजे घाण नळ्यांतून पुढे जात नाही. पुष्कळ ठिकाणी काम इथेच संपते आणि बिलावर ‘बदलले’ असे लिहिले जाते. खरे काम इथून पुढे सुरू होते. प्रत्येक चाकाच्या निपलला (द्रव बाहेर सोडण्यासाठी सैल करता येणाऱ्या छोट्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून, तिचे दुसरे टोक बाटलीत सोडून, जुने द्रव तिथून बाहेर आले पाहिजे. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे ते बहुधा मागचे डावे चाक असते. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, म्हणून पुस्तिका पाहावी. नळीत काळपट द्रव जाऊन नवे, फिकट पिवळसर द्रव दिसू लागेपर्यंत प्रत्येक चाकावर हे चालते. या सगळ्यात डब्यातली पातळी कधीही तळाला जाता कामा नये. काका म्हणतात ती हवा शिरते, ती याच चुकीमुळे.

दोन माणसांच्या पद्धतीत एक जण पॅडल दाबतो आणि दुसरा निपल सैल करून पुन्हा आवळतो. निपल आवळल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. जुन्या गाडीत पॅडल थेट जमिनीला टेकवू नये, हे मी गॅरेजमधल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे वायसर (आतली रबरी सील) ठरावीक पट्ट्यातच फिरत असतात. त्यापुढच्या भागात गंज किंवा कीट धरलेले असते. पॅडल खालपर्यंत दाबले की वायसर त्या खरबरीत भागावरून घासतात आणि फाटतात. ऑइल बदलल्यावर आठवडाभरात पॅडल हळूहळू खाली जायला लागले, अशी तक्रार येते तिचे मूळ बरेचदा इथे असते आणि मग लोक म्हणतात की आधीच चांगले होते. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हा प्रश्न येत नाही. निपलकडून ओढून घेणारे किंवा डब्याकडून दाब देणारे यंत्र असेल, तर एकाच माणसाने काम होते आणि पॅडलला पायही लावावा लागत नाही.

सात वर्षे न उघडलेले निपल कोकणातल्या गाडीत जाम झालेले असणार, हे गृहीत धरावे. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा आणि सहा कडांचा बॉक्स पाना वापरावा, उघड्या तोंडाच्या पान्याने कडा गोल होतात. निपल तुटला तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर बदलण्याची पाळी येऊ शकते, याची कल्पना मालकाला आधीच द्यावी. दर दोन-तीन वर्षांनी उघडलेला निपल सहसा तुटत नाही, हाही नियमितपणाचा एक फायदा आहे.

एक विचारायचे राहिले. जुलै २०२१ च्या महापुरात ही गाडी पाण्यात होती का? होती, तर पाणी कुठपर्यंत आले होते?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. महापुराच्या वेळी गाडी आमच्या गल्लीतल्या उंचवट्यावर लावली होती, त्यामुळे ती बुडाली नाही. पाणी चाकांच्या मध्यापर्यंत आले होते आणि एका रात्रीत उतरले. त्यानंतर आम्ही गाडी धुऊन घेतली, ब्रेक मात्र उघडले नाहीत.

बदलण्याचा निर्णय आता पक्का आहे. दोन शंका उरल्या आहेत. डब्याच्या झाकणावर ‘डॉट ३ किंवा डॉट ४’ असे कोरलेले आहे, तर कोणते घ्यावे, आणि घाटासाठी त्याहून वरचे डॉट ५ किंवा ५.१ घेतले तर अधिक चांगले होईल का? दुसरे असे की एबीएस असल्यामुळे हे काम संगणक जोडल्याशिवाय करता येत नाही, असे एका नातेवाइकांनी सांगितले. ते कितपत खरे आहे?

चाकोरी (पुणे)

डॉट ४ घ्यावे. दोन्ही द्रवे ग्लायकॉल वर्गातलीच असल्याने आतल्या रबराला काही होत नाही आणि उत्कलनबिंदूत थोडी अधिक सवड मिळते. डॉट ५.१ हेही त्याच वर्गातले आहे. त्याचे किमान आकडे २६० आणि १८० अंश असे आहेत, परंतु आपल्या वापरासाठी त्याची गरज मला दिसत नाही. चढ्या दर्जाचे द्रव एकदा घालून पाच वर्षे विसरण्यापेक्षा साधे डॉट ४ वेळच्या वेळी बदललेले अधिक उपयोगाचे.

डॉट ५ मात्र चुकूनही घेऊ नये. आकडा ५.१ च्या इतका जवळ असला तरी ते सिलिकोनवर आधारलेले, संपूर्णपणे वेगळे द्रव आहे. ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, पाणी विरघळवत नाही आणि त्यात बारीक हवा धरून राहते, म्हणून एबीएस असलेल्या गाड्यांत ते वापरत नाहीत. दोन इतक्या भिन्न वस्तूंना इतके सारखे क्रमांक देणाऱ्यांनी ग्राहकांचा विचार केला नव्हता, असेच म्हणावे लागते.

एबीएसबद्दल: केवळ जुने द्रव ढकलून नवे आणायचे असेल आणि मधे कुठेही हवा शिरू दिली नसेल, तर बहुतेक साध्या मोटारींत संगणकाची गरज पडत नाही. ठोकळ्याच्या आतल्या बंद कप्प्यांत थोडे जुने द्रव शिल्लक राहते, पण त्याचे प्रमाण अल्प असते. ठोकळ्यात हवा शिरली किंवा तो भाग बदलला, तर झडपा उघडझाप करून हवा काढण्यासाठी स्कॅनर लागतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत अनेकदा ब्रेकचा दाब विजेच्या पंपाने तयार होतो. तिथे नातेवाइकांचे म्हणणे लागू पडते आणि ते काम अधिकृत सेवा केंद्रातच करावे.

बारा_तेराचा_पाना (कराड)

चाकाच्या मध्यापर्यंतच पाणी आले असेल तर डबा बराच वर असल्यामुळे ऑइलमध्ये पाणी गेलेले नाही, एवढे निश्चित मानता येईल. डबाच बुडाला असता, तर पहिल्या आठवड्यातच सगळे ऑइल बदलावे लागले असते. पण पुराचे पाणी म्हणजे निम्मा गाळ. मागचे ड्रम आजवर उघडलेले नसतील, तर आत वाळलेली माती असणारच. ऑइल बदलण्याच्या वेळीच ड्रम काढून साफ करून घ्यावेत, व्हील सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलून आत ओल दिसते का ते पाहावे आणि पुढच्या कॅलिपरच्या सरकपिना काढून त्यांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावून घ्यावे. साधे बेअरिंगचे ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगते. मागचे लायनर जुळवून घेतल्यावर पॅडल आणखी थोडे वर लागेल, तो फरक नव्या ऑइलचा नसतो.

ऑइलची बाटली सीलबंद असावी आणि ती आपल्यासमोर उघडलेली असावी. मोटारीला पूर्ण बदलण्यासाठी साधारण अर्धा ते एक लिटर लागते. महिनोन्महिने अर्धवट उघडी पडलेली बाटली गॅरेजच्या फळीवर असेल, तर ती वापरू देऊ नये, कारण तिने ओल आधीच ओढलेली असते. ओतण्यासाठी इंजिन ऑइलचे नरसाळे तर मुळीच वापरू देऊ नये. खनिज तेलाचा थोडासा अंश गेला तरी सगळे वायसर फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून होज पाइपपर्यंत सगळी रबरे बदलावी लागतात.

दोन_चाकी (रत्नागिरी)

विषय मोटारीचा असला तरी प्रश्नकर्त्यांनी रोजच्या कामासाठी दुचाकी वापरत असल्याचे लिहिले आहे, म्हणून थोडे जोडतो. तिच्या पुढच्या चाकाला डिस्क असेल, तर हँडलवरच्या छोट्या डब्यातही हेच द्रव असते, आणि प्रमाण अगदी कमी असल्यामुळे तेवढ्याच ओलाव्याने ते लवकर खराब होते. दुचाकीच्या सर्व्हिसिंगमध्ये साखळी, कार्ब्युरेटर, इंजिन ऑइल सगळे होते आणि या डब्याकडे सहसा कोणी पाहतही नाही. बदलताना टाकीवर ओले फडके अंथरून ठेवावे, थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. पुसत बसल्यास रंगासकट निघतो.

मोजून_मापून (नाशिक)

घाटाबद्दल एक गोष्ट कोणी लिहिलेली नाही, म्हणून लिहितो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या चालकांची शिस्त द्रव नवे असतानाही पाळावी. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणारे लोक आजही दिसतात. इंजिन बंद झाले की ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) निर्वात मिळणे थांबते आणि दोन-तीन वेळा पॅडल दाबल्यावर ते दगडासारखे कठीण होते. शिवाय इंजिनाचा अडसर नसल्याने सगळी उष्णता ब्रेकवरच येते.

पॅडल घट्ट आहे, जोर लावूनही गाडी थांबत नाही आणि करपल्याचा वास येतो, तेव्हा पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पॅडल पोकळ होऊन खाली जाते, तेव्हा द्रव उकळलेले असते. दुसऱ्या प्रसंगी पॅडल भराभर वरखाली दाबावे, म्हणजे थोडा तरी दाब तयार होतो, एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. आपल्या गाडीत हँडब्रेक तारेने मागच्या ड्रमला जोडलेला असल्याने त्याचा या द्रवाशी संबंध नसतो. एकदम ओढला तर मागची चाके अडकून गाडी फिरेल. गाडी थांबल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत. गार झाल्यावर पॅडल पुन्हा घट्ट लागेल आणि काही झालेच नव्हते असे वाटेल, पण गाडी तिथून सावकाश थेट गॅरेजमध्येच न्यावी.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

काकांना हा सगळा धागा वाचून दाखवला. लाकडाच्या ठोकळ्याची गोष्ट त्यांना पटली. त्यांच्याकडे ऑइल बदलल्यावर पॅडल खाली जाण्याची तक्रार आलेल्या गाड्या होत्या, आणि त्यांचा विरोध मुळात त्या अनुभवातूनच होता. आता काम त्यांच्याच गॅरेजमध्ये, डॉट ४ ची सीलबंद बाटली आणून, ड्रम उघडून करायचे ठरले आहे. निपलवर स्प्रे आजच मारून ठेवला आहे. काढलेले जुने ऑइल गटारात न ओतता कुठे द्यावे, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

बारा_तेराचा_पाना (कराड)

झाकणाच्या बाटलीत वेगळे ठेवावे, जळक्या इंजिन ऑइलच्या पिंपात मिसळू नये, आणि गॅरेजमधून वापरलेले ऑइल नेणारा जो परवानाधारक माणूस येतो त्याच्याकडे स्वतंत्र द्यावे. काम झाल्यावर गाडी गेटबाहेर काढण्यापूर्वी इंजिन चालू करून पॅडल काही वेळ दाबून धरावे. ते जागेवरून हलता कामा नये. चारही निपलांवर रबरी टोप्या परत बसवल्या आहेत का ते पाहावे, आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर डब्याजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवावे.